गैरहजेरीचं कारण

देवरामचं पत्र सखाने दोनदा वाचलं आणि चुलीपुढे बसलेल्या पारूला मजकूर सांगताना मधली दोन वाक्यं गाळली.

"येतोय. पुढच्या आठवड्यात. तीन दिवस राहणार म्हणतो."

"देवादादा? आपल्याकडे?" पारूने फुंकणी खाली ठेवली. "आणखी काय लिहिलंय?"

"आणखी काय लिहिणार? कामाचंच आहे. सरकारच्या योजनेवर लेख लिहायचाय त्याला."

गाळलेली वाक्यं अशी होती : 'येताना जामसरला घरी जाऊन येणार आहे. पारूला तिच्या आईसाठी काही निरोप द्यायचा असेल तर उलट टपाली कळव.' सखाने कागदाची घडी करून ती सदऱ्याच्या खिशात ठेवली. उलट टपाली त्याने 'अवश्य ये' एवढंच लिहिलं.

सखा वारघडे खोडाळ्याच्या शाळेत गुरुजी होता. पारूच्या गावचाच देवराम भोये मुंबईच्या एका दैनिकात दर गुरुवारी अर्थकारणावर लिहायचा. धान्याचे भाव, कापडाचं नियंत्रण, पंचवार्षिक योजना, असले रूक्ष विषय तो इतक्या सोप्या भाषेत मांडायचा, की तालुक्याच्या कचेरीतले कारकूनसुद्धा गुरुवारचा अंक एकमेकांकडून मागून नेत. आठ वर्षांपूर्वी हे दोघे जव्हार संस्थानच्या दप्तरात शेजारी शेजारी बसून कागदपत्रांच्या नकला करायचे. अठ्ठेचाळीस साली संस्थान विलीन झालं आणि जुनी दप्तरं ट्रकमध्ये घालून ठाण्याला पोचवायची ठरली. दप्तरांबरोबर एक माणूस जायला हवा होता, महिनाभर तिथे राहून सगळं समजावून द्यायला. हेडक्लार्कने आधी सखाला विचारलं, कारण सखाचं अक्षर चांगलं होतं. सखाचं लग्न दहा दिवसांवर आलं होतं. "देवराम जाईल की," असं तो आपण होऊन म्हणाला होता.

देवराम गेला तो परतला नाही. ठाण्यात सहा महिने कारकुनी करून तो मुंबईला एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागला. अंदाजपत्रकावरची भाषणं, मंडळांचे अहवाल, बँकांची पत्रकं असं जे जे हाताखालून जाई ते तो वाचत गेला, आणि न समजलेलं भेटेल त्याला विचारत गेला. मग रेशनिंगवर एक लेख लिहिला, तो छापून आला. मग दुसरा आला. पहिली पंचवार्षिक योजना निम्मी होईतो लेखाच्या वर ठळक अक्षरांत त्याचं नाव येऊ लागलं होतं.

तो अंक खोडाळ्याला दोन दिवस उशिरा, शनिवारी यायचा. सखा तो शाळेच्या ओट्यावर उभ्यानेच वाचायचा. वाचताना नकळत त्याचे दात एकमेकांवर दाबले जात. लेख चांगला असला की त्या दिवशी पोरांना उगाच ओरडा बसे. कुठे एखादी चूक सापडली, नदीचं नाव चुकलं किंवा तालुका चुकला, तर मात्र संध्याकाळपर्यंत त्याचं मन हलकं राही. हेडक्लार्कने आधी कोणाला विचारलं होतं, हे त्याने पारूला कधीच सांगितलं नव्हतं.

लिहायचा तोही. ठाण्याच्या एका साप्ताहिकात 'खोडाळा : आमच्या वार्ताहराकडून' अशा मथळ्याखाली त्याच्या चार-चार ओळी येत. बाजार कसा भरला, ओढ्यावरची फरशी वाहून गेली, वाघाने बैल नेला. नाव नसायचं. दोन मोठे लेख त्याने देवरामच्या दैनिकाकडे पाठवले होते, देवरामला न कळवता. दोन्ही साभार परत आले.

पण देवरामकडे नसलेली एक गोष्ट सखाकडे होती. एकोणपन्नास सालापासून तो हजेरीपटाशेजारी दरवर्षी स्वतःची एक वेगळी वही ठेवत आला होता. कोणतं मूल कोणत्या आठवड्यापासून शाळेत यायचं थांबलं आणि का, एवढंच त्यात असायचं. 'नागली संपली.' 'आईबरोबर कंदाला.' 'बापाबरोबर कोळशाच्या भट्टीवर.' आजूबाजूच्या अकरा पाड्यांची घरं त्यात होती. कोणत्या घरातलं धान्य कोणत्या महिन्यात सरतं, आणि मग ते घर रानातल्या कडू कंदावर कधी येतं, हे सात वर्षांचं सलग लिहिलेलं होतं. असं दप्तर कुठल्याच कचेरीत नव्हतं. त्यावरून एक लेख लिहायचा, लोकांनी थांबून वाचावा असा, हे सखाने मनाशी पक्कं केलं होतं. सुरुवात चार वेळा झाली होती.

चैत्रात देवराम आला. मोखाड्यापर्यंत एसटीने आणि पुढे कोळशाच्या ट्रकमधून. कपडे काळे झालेले, खांद्याला शबनम, केस पुढून विरळ. ओट्यावर टेकून त्याने तांब्याभर पाणी पिऊन टाकलं.

"पारू, तुझी आई रागावलीय हं," तो म्हणाला. "म्हणाली, पोरीने एवढा माणूस येतोय तर निरोप नाही पाठवला. मी म्हटलं, पत्रात विचारलं होतं मी."

पारूने सखाकडे पाहिलं. सखा देवरामची पिशवी खुंटीला अडकवत होता. खुंटीवर ती नीट बसेपर्यंत त्याने बराच वेळ लावला.

"राहून गेलं, देवादादा," पारू म्हणाली.

जेवताना देवराम बोलत राहिला. नागलीची भाकर आणि खुरासणीची चटणी खाताना दर घासाला मान हलवत होता. दुसरी योजना सुरू झाली आहे, पहिलीने डोंगरी भागाला काय दिलं यावर तीन लेख लिहायचे आहेत, पाहणीसाठी आपण खोडाळाच निवडला.

"ठाण्याहून मला तक्ता मिळालाय," तो म्हणाला. "जपानी पद्धतीच्या भातशेतीने उत्पन्न दीडपट झालं म्हणतात. त्यामुळे इथलं पावसाळ्यातलं सरकारी धान्याचं दुकान आता नको, असा विचार चाललाय. जव्हारला एक मोठं कोठार पुरे. मला ते बघायचंय. खरं आहे का ते."

"बघ ना," सखा म्हणाला. "मी नेतो."

"देवादादा, तू लिहितोस ते हे मला वाचून दाखवतात," पारू म्हणाली. "समजतं मला सगळं."

सखाने पुढ्यातली भाकर मोडली आणि तशीच ठेवली. स्वतःच्या चार ओळीही तो तिला वाचून दाखवायचा. त्यावर ती कधी काही बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे पाड्यांकडे निघाले. खोडाळ्याच्या बाहेर वाट दुभागते. वरची वाट खडकातून चढून काळीच्या पाड्यावर जाते, खालची ओढ्याकाठच्या सपाटीवर. वरच्या पाड्यावरची म्हातारी काळी कोणालाही काहीही स्पष्ट सांगायची. तिच्या दारात उकडलेल्या कंदाची टोपली बाराही महिने दिसायची. सखा दुभाग्याशी क्षणभर थांबला.

"कुठून?" देवरामने विचारलं.

"खालून," सखा म्हणाला. "वर काही नाही."

खाली बुधाचं शेत होतं. बांधावर सरकारी पाटी रोवलेली होती. ओढ्याचं पाणी, फुकट मिळालेलं खत आणि दर पंधरवड्याला येणारा अधिकारी, यांच्या जोरावर बुधाने पाऊण एकरात जपानी पद्धतीने भात लावला होता.

"पिकला का रे बुधा?" देवरामने विचारलं.

"पिकला ना, साहेब. लय पिकला. कणगी भरली."

"पुरतो का वर्षाला?"

"पुरतो. यंदा आजून हाय घरात."

देवरामने लिहून घेतलं. कणगी बघितली, हात घालून भात बघितला. मग बांधावर बसून त्याने सखाला विचारलं,

"आणि बाकीच्यांचं?"

ओढ्यापलीकडे उघडे वरकस उतार दिसत होते. तिथे पाणी नव्हतं, खत पोचलं नव्हतं, आणि शेत भाजायच्या राबासाठी डहाळ्या तोडायलाही आता जंगलखात्याची परवानगी लागत होती. सखाला त्या उतारांवरची घरं नावानिशी पाठ होती.

"तू बघतोच आहेस," सखा म्हणाला.

तिसऱ्या दिवशी, निघण्याआधी, देवरामने वही मिटली आणि डोळे चोळले. पारू चुलीशी भाकऱ्या थापत होती.

"माझं समाधान होत नाहीये, सखा. एका बुधावरून काय लिहू? तलाठ्याकडे काही नाही. कोणी काही नोंद ठेवलीय का इथे? कोणाकडे किती महिने धान्य पुरतं, असली? तुझ्या माहितीत?"

परातीतला थापण्याचा आवाज थांबला.

"नाही," सखा म्हणाला. "असलं कोण ठेवतंय इथे?"

पारूने मागे वळून पाहिलं नाही. थोड्या वेळाने थापण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. वह्या होत्या त्या पत्र्याच्या पेटीवरच देवराम बसला होता.

लेख वैशाखात आला. सखाने तो ओट्यावर वाचला, मग घरात येऊन पुन्हा वाचला. देवरामने जपून लिहिलं होतं. पुरावा अपुरा आहे, असंही एका वाक्यात म्हटलं होतं. पण शेवट असा होता : 'मी जे पाहिले त्यावरून, खोडाळ्याचे दुकान बंद करून जव्हारच्या कोठारावर भिस्त ठेवण्याची सूचना अगदीच अवाजवी वाटत नाही.'

सखाच्या अंगातून काहीतरी गोड सरकत गेलं. या वेळी देवराम नदीच्या नावाला किंवा तालुक्याला चुकला नव्हता. आठ वर्षांत प्रथमच तो मुद्द्यालाच चुकला होता. त्याने तो परिच्छेद पारूला मोठ्याने वाचून दाखवला.

"साफ चुकला," तो म्हणाला. "मुंबईत बसून लिहिलं की असं होतं."

पारू नागली निवडत होती. खडे बाजूला करत ती म्हणाली, "त्याने विचारलं होतं तुम्हाला."

मग सूप उचलून ती परसात गेली.

ज्येष्ठ संपला तरी दुकान उघडलं नाही. एका लेखामुळे सरकार निर्णय घेत नाही, असं सखा स्वतःला समजावत राहिला. आषाढात ओढे भरले आणि जव्हारचं कोठार चंद्राइतकं लांब गेलं. शाळेतली पोरं दरवर्षी श्रावणाच्या मध्याला गळायची, यंदा आषाढातच गळू लागली. सखा वहीत लिहीत गेला. 'कंदाला.' 'कंदाला.' 'दोघी बहिणी कंदाला.' लिहिता लिहिता त्याच्या लक्षात आलं, की लेखाच्या दृष्टीने हे वर्ष सगळ्यांत चांगलं होतं. त्याने टाक खाली ठेवला आणि बराच वेळ हाताला लागलेली शाई बघत बसला.

श्रावणातल्या एका दुपारी काळी शाळेच्या दारात आली. पाठीशी तिची नात फागी बांधलेली होती. तिसरीतली मुलगी. तिची मान खांद्यावर लोळत होती आणि ओठांना फेस होता.

"गुरुजी, कंद कच्चा रायला," काळी म्हणाली. "रातभर पाण्यात ठेवायचा, तो नाय ठेवला. पोरां रडत होती. ही अधाशी, हिनंच लय खाल्ला."

पोरांना घरी पाठवून सखाने फागीला पारूकडे नेलं. पारूने तिला पुन्हा पुन्हा ओकायला लावलं, ताक पाजलं, तिचे हातपाय चोळत राहिली. संध्याकाळी फागीने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. काळी दाराच्या चौकटीला टेकून बसली होती.

"दुकान का नाय आलं, गुरुजी? औंदा काय झालं?"

सखा उठला. त्याने पेटी उघडली, सातही वह्या आणि आठवी, चालू वर्षाची, बाहेर काढल्या. पुढचे नऊ दिवस शाळा सुटली की तो बसायचा आणि कोऱ्या कागदांवर पाड्यागणिक तक्ते उतरवून काढायचा. लेख त्याने लिहिला नाही. गठ्ठ्यावर चिठ्ठी ठेवली : 'या नोंदी माझ्याकडे होत्या. तू विचारलंस तेव्हाही होत्या. सखा.' आणि गठ्ठा देवरामच्या पत्त्यावर पाठवून दिला.

भाद्रपदाच्या दुसऱ्या गुरुवारी ते तक्ते पहिल्या पानावर आले. वर नाव होतं : 'संकलन – सखाराम वारघडे, शिक्षक, खोडाळा.' छापलेलं स्वतःचं नाव सखा प्रथमच बघत होता. त्याच्याखाली देवरामचं निवेदन होतं : 'वैशाखातील माझा निष्कर्ष चुकीचा होता. स्थानिक शिक्षकाकडे चौकशी न करताच मी तो काढला. दोष सर्वस्वी माझा आहे.'

सखाने ते वाक्य पुन्हा वाचलं. चौकशी न करता.

पंधरा दिवसांत धान्याचा ट्रक नदीपर्यंत आला. नदीपलीकडून बैलगाड्यांनी तांदूळ आणि ज्वारी खोडाळ्यात आणली आणि दुकान उघडलं. बाजारात लोक सखाला हात जोडू लागले. मामलेदाराने बोलावून खुर्ची दिली. अंकाची घडी सखाच्या खिशात असायची, पण ती तो कोणाला दाखवत नव्हता. देवरामचं पत्र आलं नाही. आणि गुरुवारच्या जागी आता भलताच कोणीतरी लिहू लागला, साखर कारखान्यांवर, कंटाळवाणं.

आश्विनात संपादकांचं पत्र आलं. 'श्री. भोये यांनी आपणाकडे साधी विचारणाही केली नाही, हे त्यांनी स्वतःच मान्य केले आहे. असा हलगर्जीपणा आमच्या पत्रास परवडणारा नाही. सबब त्यांजकडून सदर काढून त्यांस बाजारभावाच्या विभागात पाठविले आहे. आपली निरीक्षणशक्ती व अक्षर दोन्ही आम्हांस आवडली. डोंगरी भागाच्या अर्थस्थितीवर दरमहा दोन लेख, आपल्या नावानिशी, आपण द्यावेत अशी इच्छा आहे.'

तीन दिवस सखा ते पत्र घेऊन हिंडला. शाळेत, ओढ्यावर, बाजारात. मथळेसुद्धा सुचू लागले होते. देवरामची जागा आपल्याकडे चालत आली होती आणि ती मिळवायला आपण काहीच केलं नव्हतं. काहीच केलं नव्हतं, हा शब्दप्रयोग त्याच्या मनात आला आणि तिथेच अडकून राहिला.

गठ्ठ्यावरच्या त्या चिठ्ठीतलं एक वाक्य देवरामने संपादकांना दाखवलं असतं तर पुरे होतं. त्याने ते दाखवलं नव्हतं. सखाला हे सहन होईना. इतकी वर्षं त्याने देवरामच्या नावाचा हेवा केला होता, भाषेचा केला होता, पारू त्याला दादा म्हणते त्याचाही केला होता. हा हेवा त्या सगळ्यांहून वेगळ्या जागी लागत होता. चिठ्ठी ठेवून आपण मोठं काहीतरी केलं असं त्याला वाटलं होतं. देवरामने ती वाचली, खिशात घातली आणि तो सखाच्याही पुढे निघून गेला.

"देवादादाचं हल्ली काही वाचून दाखवत नाही," चौथ्या दिवशी सकाळी पारू म्हणाली. "येत नाही का?"

"नाही."

"का?"

सखा पायातल्या चपलेचा अंगठा नीट करत होता. तो तसाच वाकून राहिला.

"माझ्यामुळे," तो म्हणाला.

पारू चुलीकडे वळली. दुपारी तो जव्हारला निघाला तेव्हा तिने फडक्यात दोन भाकऱ्या बांधून दिल्या.

रविवारी सकाळी तो जव्हारच्या टपाल कचेरीत उभा होता. रात्री मुक्काम केलेल्या घरी त्याने संपादकांना पत्र लिहिलं होतं. पत्र एकाच बाजूचं होतं. 'श्री. भोये यांनी मला विचारले होते. माझ्या घरात, माझ्या पत्नीसमक्ष विचारले होते. मी नाही म्हणालो. नोंदी त्या वेळी ते बसले होते त्या पेटीतच होत्या. सदर त्यांचे त्यांना परत द्यावे. मजकडून लेखांची अपेक्षा ठेवू नये.' एवढं लिहायला त्याला चार कागद फाडावे लागले होते. पाचव्यावरचं अक्षर अगदी सुरेख आलं होतं, आणि तेही त्याच्या लक्षात आल्यावाचून राहिलं नव्हतं.

राहतं घर मागेच असल्यामुळे टपाल मास्तर रविवारीही खिडकी उघडून बसायचे. त्यांनी पाकिटावरचा पत्ता वाचला आणि चष्मा वर केला.

"या पेपरात आपले भोये आहेत ना? जव्हारचे? काय लिहायचे हो! हल्ली दिसत नाहीत. तुम्ही ओळखता त्यांना?"

"ओळखतो," सखा म्हणाला.

"आणि तुम्ही ते वारघडे गुरुजी! मी छापलेलं वाचलं तुमचं. आता हाही लेख का?" मास्तरांनी पाकीट तळहातावर तोललं. "कधी येणार छापून?"

"हे छापायला नाही," सखा म्हणाला.

मास्तरांनी पाकिटावर शिक्का मारला आणि ते थैलीत टाकलं.